‘मला हे येत नाही’ म्हणायला शिकू या

गेल्या महिन्यात आमच्या कंपनीत नव्या मुलांच्या मुलाखती होत्या. समोर बसलेला मुलगा मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. बायोडेटा नीटनेटका, गुण चांगले, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट ‘चेहरा ओळखून हजेरी लावणारी यंत्रणा’. मी साधा प्रश्न विचारला, “वर्गात दोन सख्खे भाऊ आहेत आणि एकाची हजेरी दुसऱ्याच्या नावावर पडतेय. चूक कुठे शोधशील?” तो गप्प झाला. मग म्हणाला, “सर, तो भाग ग्रुपमधल्या दुसऱ्या मुलानं केला होता.” मी विचारलं, “मग तू कोणता केलास?” तो पुन्हा गप्प.

जाताना मी त्याला स्पष्ट सांगितलं की हा प्रोजेक्ट तू स्वतः केलेला दिसत नाही. त्यानं खाली बघतच विचारलं, “सर, तुमच्या वेळी पोरं स्वतः करायची का?” मी ‘पुढच्या वेळी तयारी करून ये’ असं काहीतरी बोलून वेळ मारून नेली. त्याची निवड झाली नाही. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मात्र माझ्याकडे होतं आणि मी ते दिलं नाही. हा लेख त्यासाठी लिहितोय.

आमच्या वेळीही बहुतेक पोरं स्वतः करायची नाहीत. मीही केलं नाही.

मी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून आलो. अब्बांचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज. घरात इंजिनिअरिंगला जाणारा मी पहिला. पहिल्याच सत्रात ड्रॉइंगच्या शीट आल्या आणि सीनियर मुलांनी ‘जीटी’ शिकवली. खाली ट्यूबलाइट, वर काच, काचेवर मित्राची शीट आणि त्यावर आपली कोरी शीट. रात्रभरात चार शीट तयार. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आधी ग्राफ काढायचा आणि त्यावरून उलटी रीडिंग भरायची, हेही तेव्हाच शिकलो. सबमिशनच्या आठवड्यात झेरॉक्सच्या दुकानासमोर रांग लागायची. एका हुशार मुलाची फाइल साठ जणांच्या हातून फिरायची आणि साठही जणांना सह्या मिळायच्या. याला आम्ही कॉपी म्हणत नव्हतो. ‘छापणं’ म्हणायचो. कॉपी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे परीक्षेचा हॉल आणि भरारी पथक येतं. जर्नल छापणं हा आमच्या लेखी हस्ताक्षराचा सराव होता.

शेवटच्या वर्षी आम्ही चौघांनी प्रोजेक्ट विकत घेतला. कॉलेजजवळच्या गल्लीत तशी दुकानंच होती. प्रत्येकी दोन हजार रुपये. त्यात प्रोग्रॅम, रिपोर्ट, सादरीकरणाच्या स्लाइड आणि सोनेरी अक्षरांचं बाइंडिंग. रिपोर्टच्या सुरुवातीला ‘हे काम आम्ही स्वतः केलं आहे’ असं एक पान होतं. त्यावर चौघांनी सह्या केल्या. सही करताना हात थरथरला, असं मला लिहिता आलं असतं, पण ते खोटं होईल. मला काहीच वाटलं नव्हतं.

आमच्याच वर्गातल्या एका मुलीनं स्वतः प्रोजेक्ट केला होता. तिची खाला मोहल्ल्यातल्या बायकांना शिलाईचं काम वाटून द्यायची. कोणाला किती नग दिले, किती परत आले, कोणाचे किती पैसे द्यायचे, याचा हिशोब ठेवणारा एक छोटा प्रोग्रॅम तिनं लिहिला. तोही परीक्षेच्या दिवशी मध्येच अडकला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला आमच्यापेक्षा कमी गुण दिले. तिला लगेच मोठी नोकरी लागली वगैरे काही झालं नाही, तीही वर्षभर थांबली. पण मुलाखतीत बोलायला तिच्याकडे काहीतरी होतं. तो प्रोग्रॅम का अडकला, हे ती अर्धा तास सांगू शकत होती. मी माझ्या न अडकणाऱ्या प्रोजेक्टबद्दल दोन मिनिटंही बोलू शकलो नाही. पदवीनंतर आठ महिने घरी बसून मी प्रोग्रॅमिंग पहिल्यापासून शिकलो. तोवर शैक्षणिक कर्जाचे हप्ते सुरू झाले होते आणि ते अब्बा भरत होते.

म्हणून विद्यार्थ्याच्या प्रामाणिकपणाबद्दल बोलताना मी पाप-पुण्यापासून सुरुवात करत नाही. छापलेल्या जर्नलमुळे मी विद्यापीठाला फसवलं हे खरंच, पण विद्यापीठाचं फारसं बिघडलं नाही. बिघडलं ते माझं आणि माझ्या घराचं. चार वर्षं आणि लाखाच्या घरातले पैसे देऊन जी गोष्ट घ्यायला गेलो होतो, ती न घेताच मी नुसती पावती घेऊन परत आलो.

नेमकं काय चालतं आणि काय चालत नाही, हे बऱ्याच मुलांना कोणी सांगितलेलंच नसतं. मित्राबरोबर बसून गणित समजून घेणं चालतं. त्याची वही समोर ठेवून उतरवणं चालत नाही. ग्रुपमध्ये काम वाटून घेणं चालतं, पण काहीच न करता नाव लावणं म्हणजे खोटं बोलणं. दुसऱ्याची हजेरी लावणं, न घेतलेली रीडिंग लिहिणं, न वाचलेल्या पुस्तकाचं नाव संदर्भात टाकणं, आपलाच जुना निबंध नव्या विषयासाठी नवा म्हणून देणं, हे सगळं त्याच वाटेवरचं. दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर अवतरणचिन्ह आणि नाव द्यायचं. विचार घेऊन स्वतःच्या शब्दांत मांडला तरी नाव द्यायचंच.

यासाठी नियमही आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ मध्ये वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी नियमावली आणली. पदव्युत्तर आणि पीएचडीच्या प्रबंधांसाठी तिच्यात पायऱ्या ठरवल्या आहेत. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून पुन्हा द्यायचं. ४० ते ६० टक्के असेल तर एक वर्ष दुरुस्त प्रबंध देता येत नाही. ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. नाव देऊन उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची, कायद्यांची कलमं, प्रमाणित समीकरणं या मोजणीत धरत नाहीत. संस्थेनं विद्यार्थ्यांना या विषयाचं प्रशिक्षण द्यावं, हेही त्याच नियमांत आहे. आपल्यापैकी किती जणांना ते मिळालं, हे ज्यानं त्यानं आठवून बघावं.

पण आकडा आला की आकड्याचा खेळ सुरू होतो. ‘१० टक्क्यांच्या आत आणून देतो’ असं सांगणारे लोक लगेच उभे राहतात. शब्द बदलायचे, वाक्यं उलटी करायची आणि टक्का खाली आणायचा. यानं चोरी कमी होत नाही, फक्त सापडत नाही. उलट एखाद्याचा टक्का जास्त आला म्हणून तो चोर ठरतो असंही नाही. साम्य मोजणं यंत्राचं काम आहे. त्या साम्याचा अर्थ लावायला माणूसच लागतो.

माझ्या क्षेत्रातली मुलं म्हणतात, ‘भाई, प्रोग्रॅमर तर दिवसभर दुसऱ्याचाच कोड वापरतात, मग आम्हालाच काय बंधन?’ प्रश्न रास्त आहे. आम्ही रोज दुसऱ्यांचा कोड वापरतो, पण नाव पुसून नाही. एमआयटी लायसन्स हा मुक्त सॉफ्टवेअरच्या सगळ्यांत सैल परवान्यांपैकी एक. तो जवळपास सगळं करू देतो, फक्त मूळ लेखकाची कॉपीराइटची सूचना तशीच ठेवायला सांगतो. स्टॅक ओव्हरफ्लोवरच्या उत्तरांचा परवानाही श्रेय द्यायला सांगतो. गिट वापरणाऱ्या प्रत्येक टीममध्ये कोणती ओळ कोणी, कधी लिहिली याची नोंद राहते. उसनं घेणं हा गुन्हा नाही. उसनं घेतलेलं आपलं म्हणून मिरवणं हा गुन्हा आहे. आणि व्हेरिएबलची नावं बदलली की कोणाला कळत नाही, हा गैरसमज आहे. अ‍ॅलेक्स एकेन यांनी १९९४ मध्ये तयार केलेलं मॉस नावाचं साधन नावं आणि मोकळ्या जागा बाजूला ठेवून कोडची रचनाच ताडून बघतं.

आपल्यासाठी यात नवीन काही असायला नको. हदीसच्या अभ्यासकांनी प्रत्येक कथनामागे ‘हे मी कोणाकडून ऐकलं, त्यानं कोणाकडून ऐकलं’ अशी नावांची साखळी मागितली. तीच इस्नाद. सांगणारा विश्वासू होता का, त्याची स्मरणशक्ती कशी होती, ज्याच्याकडून ऐकलं म्हणतो त्याला तो कधी भेटला तरी होता का, हे तपासण्यासाठी ‘अस्मा-उर-रिजाल’ नावाचं वेगळं शास्त्रच उभं राहिलं. साखळीतला दुवा तुटलेला असेल तर कथन कितीही सुंदर असो, ते कमजोर ठरायचं. संदर्भ देण्याची ही शिस्त शेकडो वर्षांपूर्वी पाळणाऱ्यांचे वारस म्हणवणारे आपण, आणि आपल्या घरातला मुलगा इंटरनेटवरचा उतारा स्वतःच्या नावानं देतो तेव्हा आपल्याला त्यात काही वावगं दिसत नाही.

आता या सगळ्यात चॅटजीपीटीसारखी साधनं आली आहेत. नोव्हेंबर २०२२ पासून गल्लीतल्या दुकानात जायचीही गरज उरलेली नाही. दुकान खिशात आहे आणि बहुतेक वेळा फुकट आहे. ही साधनं वापरूच नका, असं मी म्हणणार नाही. मी स्वतः कामात वापरतो. पण शिकणाऱ्यासाठी माझा एक साधा नियम आहे. कागद पालथा ठेवून जे समजावून सांगता येत नाही, ते जमा करायचं नाही. साधनाला ‘हे मला समजावून दे’ म्हणा, ‘माझा निबंध लिहून दे’ म्हणू नका. शिक्षकांनी मनाई केली असेल तर वापरू नका. परवानगी असेल तर कुठे वापरलं ते लिहा. आणि त्यानं दिलेला प्रत्येक संदर्भ उघडून बघा, कारण अस्तित्वात नसलेली पुस्तकं आणि लेखसुद्धा ही साधनं बिनदिक्कत सांगतात.

इथे शिक्षकांनाही एक विनंती. ‘हा मजकूर यंत्रानं लिहिलाय’ असं ठरवणाऱ्या डिटेक्टरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. ओपनएआयनं स्वतःचंच असं साधन जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी असल्याचं कारण देऊन मागे घेतलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात डिटेक्टरना टोफेल परीक्षेतले ९१ निबंध दिले. ते इंग्रजी मातृभाषा नसलेल्या माणसांनी लिहिलेले होते, तरी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध यंत्राचे ठरवले गेले. मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेला मुलगा साध्या, ठरावीक इंग्रजी वाक्यांत लिहितो. संशय पहिल्यांदा त्याच्यावर येणार. म्हणून मुलांनो, कच्चे मसुदे फेकू नका, फाइलच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवा. आणि शिक्षकांनो, शंका आली तर मुलाला समोर बसवून पाच मिनिटं विचारा. त्याच्याइतकं खात्रीचं साधन मला तरी माहीत नाही.

आता आपल्या वस्त्यांमध्ये नेहमी ऐकू येणारा मुद्दा. ‘सगळेच करतात. आपल्या पोरांना आधीच संधी कमी, त्यात मुलाखतीत आडनाव बघून दार बंद होतं. मग आपणच हरिश्चंद्र का व्हायचं?’ यातला राग खोटा नाही. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानुसार वीस वर्षांवरच्या मुस्लिमांमध्ये पदवी किंवा पदविका असलेले चार टक्क्यांहून कमी होते. देशाचं प्रमाण सुमारे सात टक्के होतं. इतक्या कष्टानं कॉलेजपर्यंत पोहोचलेल्या मुलाला नीतीचे डोस पाजायला मलाही जड जातं. मुलींचं तर आणखी अवघड. ‘एक केटी लागली तर घरी बसवतील आणि लग्न लावून देतील’ ही भीती डोक्यावर असताना छापलेली फाइल तिला आधार वाटली, तर मी तिला चोर म्हणणार नाही.

आपण इतरांपेक्षा दुप्पट प्रामाणिक असायला हवं, असंही मी म्हणत नाही. ती अट अन्यायाची आहे. एका मुलाची कॉपी त्याच्या समाजाच्या माथी मारणंही तितकंच चूक. माझं म्हणणं व्यवहाराचं आहे. ज्याच्या वडिलांची कंपनी आहे, ज्याचा मामा एखाद्या ऑफिसात वरच्या खुर्चीत आहे, त्याची छापलेली पदवीही चालून जाते. त्याला पडायला गादी आहे. आपल्याकडे ओळख नाही, भांडवल नाही. ज्याच्याकडे फक्त कसब असणार आहे, त्यानं कसबच सोडून दिलं तर हातात उरतं काय? आणि भेदभावाविरुद्ध बोलायचं असेल तर ‘मला काम येतं, तरी मला नाकारलं’ हे वाक्य आपल्याला खरेपणानं म्हणता आलं पाहिजे. नागरिक म्हणून हक्क मागताना आपण पेपरफुटीवर चिडतो, वशिल्यावर चिडतो. फुटलेल्या पेपरनं एखाद्या मेहनती मुलाची जागा जाते. आमच्या विकत घेतलेल्या प्रोजेक्टनंही त्या मुलीचा क्रमांक खाली ढकललाच होता. हे मला तेव्हा दिसलं नाही.

सगळा भार मुलांवर टाकणंही बरोबर नाही. वर्षानुवर्षं तेच दहा प्रयोग, त्याच असाइनमेंट, तेच प्रश्न असतील तर छापणं हा सगळ्यांत स्वस्त मार्ग होणारच. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या, पुढच्या सत्रात आपण असू की नाही याची खात्री नसलेल्या प्राध्यापकाकडून साठ फाइली बारकाईनं वाचण्याची अपेक्षा कशी करायची? आपल्या समाजातल्या शिक्षणसंस्था आणि विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देणारे ट्रस्ट यांनी तरी काही गोष्टी सुरू कराव्यात. पहिल्या वर्षी संदर्भ कसा द्यायचा, याचा दोन तासांचा वर्ग घ्यावा. प्रोजेक्ट लहान असू द्यावा, पण प्रत्येक मुलाला वेगळं बसवून प्रश्न विचारावेत. न चाललेल्या प्रयोगाची खरी नोंद ठेवणाऱ्याला गुण द्यावेत. पहिल्यांदा चुकलेल्याला पुन्हा लिहायची संधी द्यावी. शिष्यवृत्ती देताना फक्त टक्केवारी न बघता ‘काय शिकलास ते सांग’ असंही विचारावं.

आणि सबमिशनच्या आदल्या रात्री मित्राची फाइल समोर घेऊन बसलेल्या मुला-मुलींना एवढंच सांगतो. थांबा. जे झालंय तेवढंच लिहा. उरलेल्या भागापुढे ‘हे मला जमलं नाही, इथे अडकलो’ असं लिहा. सकाळी सरांना किंवा मॅडमना भेटून दोन दिवस वाढवून मागा. काही वेळा मिळतील, काही वेळा बोलणी खावी लागतील, काही वेळा दोन-चार गुण जातील. परीक्षेतली कॉपी मात्र कुठल्याही रात्री, कुठल्याही कारणानं नको. तिथे वर्ष जातं आणि केसही होऊ शकते. महाराष्ट्रात परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्धचा कायदा १९८२ पासून आहे.

अब्बांच्या गॅरेजमध्ये काम शिकायला मुलं यायची. ‘उस्ताद, हे मला जमत नाही’ म्हणणाऱ्या मुलावर अब्बा कधी ओरडले नाहीत. हातातलं काम टाकून त्याच्याजवळ जाऊन बसायचे. पण ब्रेकच्या लाइनमधली हवा न काढताच ‘काढली’ म्हणणाऱ्या मुलाला त्यांनी त्याच दिवशी घरी पाठवलं. मला म्हणाले होते, “ज्याला येत नाही त्याला शिकवता येतं. जो येतं म्हणतो त्याला काय शिकवू?” हे मी कॉलेजला जायच्या आधी ऐकलं होतं. समजायला पदवी आणि त्यानंतरचे आठ महिने लागले.

त्या मुलाला आता उत्तर देतो. नाही भाऊ, मीही स्वतः केलं नव्हतं. त्याची किंमत माझ्या घरानं भरली. तुला जो प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर शोधून बघ. दोन भावांचे फोटो घे, यंत्रणा चालवून बघ, ती कुठे फसते ते लिहून काढ. नोकरीसाठी पुन्हा अर्ज करशील तेव्हा तुझ्या बायोडेटात तो छोटा, अर्धवट, पण तुझा प्रोजेक्ट असू दे. मी त्याच्याबद्दलच विचारेन.